दोन आण्यांची जमीन : दख्खनचे माळरान आणि माळढोक

एखादी प्राणिजाती एखाद्या प्रदेशातून नाहीशी झाली म्हणजे तिच्या नाशाची कथा बहुधा बंदुकीपासून सुरू होते आणि बंदुकीपाशीच संपते. बंदूक डोळ्यांना दिसते, तिने केलेली हत्या मोजता येते, आणि दोषाचा धनीही चटकन सापडतो. माळढोक या पक्ष्याच्या बाबतीत हेच घडले आहे. साहेबलोकांची शिकार, त्यामागून संस्थानिकांची शिकार, आणि स्वातंत्र्यानंतर जीपगाडीतून होणारी चोरटी शिकार, अशी ही परंपरा सांगितली जाते. ती खोटी नाही. परंतु तिच्याने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात या परिचित कथेशेजारी दुसरी एक कथा मांडावयाची आहे. ती शिकारखान्यात सापडत नाही. ती महसुलाच्या दप्तरात, जमिनीच्या प्रतवारीत सापडते.

प्रथम पक्ष्याविषयी थोडेसे. माळढोक हा उंचीला सुमारे एक मीटर असून नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतका जड पक्षी क्वचितच आढळतो. तो झाडावर बसत नाही. त्याचे सारे आयुष्य उघड्या गवताळ जमिनीवर जाते. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या मुरमावर किंवा गवताच्या आडोशाला ती बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे सत्तावीस दिवस ते एकटीच उबवते. विणीच्या हंगामात नर गळ्याची पिशवी फुगवून खोल, घुमणारा आवाज काढतो. आपल्याकडील ‘हूम’ हे त्याचे जुने नाव त्या आवाजावरूनच पडले असावे. ‘माळढोक’ या नावाची फोड सोपी आहे. ढोक म्हणजे बगळा-करकोच्यासारखा उंच पायांचा पक्षी. पाण्याकाठचा तो ढोक आणि माळावरचा तो माळढोक. राजस्थानात यालाच गोडावण म्हणतात, तर गुजरातेत घोराड. ज्या प्रदेशाने त्याला नाव देताना त्याच्या जमिनीचेच नाव दिले, तो प्रदेश आपला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनमध्ये हा पक्षी किती विपुल होता याची कल्पना शिकारीच्या नोंदींवरूनच येते. विल्यम हेन्री साइक्स हा १८२४ पासून १८३१ पर्यंत मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून दख्खनमध्ये हिंडत होता. लोकसंख्या, पिके, जमिनीचे प्रकार, हवामान यांबरोबर त्याने पशुपक्ष्यांचीही नोंद केली. येथील पक्ष्यांची त्याची सूची १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तान्तात प्रसिद्ध झाली. माळढोक दख्खनमध्ये इतका सर्रास आढळतो की एका गृहस्थाने त्याचे हजारभर पक्षी मारले आहेत, असे तो नमूद करतो. दुसरी नोंद रॉबर्ट मॅन्सफील्ड याच्या नावावर आहे. त्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक टिपले. साइक्सचा अनामिक गृहस्थ आणि मॅन्सफील्ड हे एकच असावेत असा तर्क करण्याचा मोह होतो; काळ जुळतो, प्रदेश जुळतो, आकडाही जवळपास जुळतो. परंतु तर्क तो तर्कच.

या आकड्याकडे पाहून आपण हळहळतो हे स्वाभाविक आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. वर्षाला एखादेच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची एका जिल्ह्यात वीस वर्षे सरासरीने दरसाल अठ्ठेचाळीस याप्रमाणे हत्या होते, आणि तरीही त्या प्रदेशात तो पक्षी पुढे शे-दीडशे वर्षे तग धरून राहतो, हे कसे? एकच उत्तर संभवते. त्या काळी त्याला राहावयास जमीन होती, आणि ती अफाट होती.

ही जमीन म्हणजे भीमा, सीना व नीरा या नद्यांच्या दरम्यानचा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडणारा पठारी प्रदेश. नदीकाठी काळी कसदार माती, आणि दोन नद्यांमधील उंचवट्यांवर बरड, म्हणजे मुरमाड, उथळ, खडक जवळ असलेली जमीन. या बरडावर कुसळी गवत येते, पावसाळ्यानंतर ते पिवळे पडते, आणि मेंढरे त्यावर जगतात. मराठ्यांच्या राज्यात अशा जमिनीला मोल होते. ज्या राज्याचे बळ घोडदळात, त्याला वैरणीची चिंता धान्याइतकीच असते. त्यामुळे कुरणे राखणे, त्यांची हद्द ठरविणे, त्यांतील गवत कापून साठविणे हे राज्यकारभाराचे अंग होते. कुरणात गवत उभे राहिले तरच घोडा उभा राहणार! कोणी माळढोकासाठी कुरण राखले नाही, हे सांगावयास नकोच. पण कुरण राखले गेले, आणि माळढोक त्यात राहिला. १८१८ मध्ये पेशवाई संपली, घोडदळे मोडली, आणि कुरणामागचे राजकीय कारणच नाहीसे झाले. धनगरांचे कळप मात्र तेवढे उरले. पण धनगर हा काही राज्यकर्ता नव्हता.

त्यानंतर जे घडले ते मुंबई इलाख्याच्या महसुली इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रिंगल याची पुणे जिल्ह्यातील पाहणी १८२७ च्या सुमारास सुरू झाली. तिच्यातील आकारणी जड ठरली, आणि कुणबी गावे सोडून जाऊ लागले. पुढे १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली. तीच पुढे सबंध इलाख्याची पद्धती बनली आणि १८४७ च्या संयुक्त प्रतिवेदनात, डेव्हिडसन या तिसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीसह, तिला निश्चित रूप मिळाले. आपल्या विषयाशी या पद्धतीचा संबंध तिच्या प्रतवारीतून येतो. मातीचा पोत व खोली पाहून शेताच्या नऊ प्रती ठरविल्या जात. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन पहिल्या प्रतीची, म्हणजे सोळा आण्यांची. तेथून पायरीपायरीने उतरत अगदी उथळ व हलकी जमीन नवव्या प्रतीची. तिचे सापेक्ष मोल दोन आणे. त्याखालची, नांगराला अजिबात दाद न देणारी, ती पोटखराबा.

या प्रतवारीत शास्त्रीयता नव्हती असे म्हणता येणार नाही. शेतसारा ठरविण्यासाठी ती उत्तम होती, आणि प्रिंगलच्या पद्धतीने पिचलेल्या रयतेला तिने दिलासा दिला हेही खरेच. दोष आहे तो अन्यत्र. या मोजपट्टीवर जमिनीचा गुण एकच, नांगर. आणि ज्या जमिनीत नांगर चालत नाही तिच्यात गुणच नाही. गवत हा त्या कोष्टकात गुण म्हणून येत नाही. ‘पडीक’ हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. जी जमीन काही वर्षे विसावा घेत पडून राहिली ती पडीक, असा त्याचा शेतकऱ्याच्या तोंडचा अर्थ. दप्तरात मात्र हाच शब्द वाया गेलेल्या जमिनीचा, सरकारच्या बुडालेल्या उत्पन्नाचा वाचक झाला. शब्द तोच राहिला आणि त्यातला विसावा निघून गेला. नव्या आकारणीचा एक उघड हेतू असा होता की दर हलके ठेवल्याने पडीक जमीन लागवडीखाली यावी. तशी ती आलीही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले तेव्हा हा ओघ अधिकच वाढला. दुष्काळांनी त्याला अधूनमधून खीळ घातली; १८७६-७८ चा दुष्काळ तर सोलापूर, पुणे, नगर या जिल्ह्यांना विशेष जाचक ठरला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नांगर आला आणि माळढोक गेला, इतके हे सरळ नाही. दोन आण्यांच्या जमिनीवर पाऊस झाला तर बाजरी, हुलगा, मटकी घ्यावयाची, आणि दोन-तीन वर्षांनी तिला पुन्हा टाकून द्यावयाची, हा कोरडवाहू शेतीचा क्रम होता. माळढोक अशा शेतीत सुखाने वावरत असे. टोळ, नाकतोडे, हुलगा, भुईमुगाच्या शेंगा हे त्याचे खाद्य. एरवीही तो माणसाच्या शेतापासून फार दूर कधी राहिला नाही. शेत आणि माळ यांची अदलाबदल जोवर चालू होती, तोवर दोघांचे निभत होते. ती अदलाबदल थांबल्यावर पक्ष्याची खरी कोंडी झाली. आणि ही अदलाबदल थांबविणारी साधने, विहिरीवरील पंप, ट्रॅक्टर आणि कालवा, विसाव्या शतकातील आहेत.

कायद्याचा इतिहास तसा जुना आहे, पण तो वेगळ्याच दिशेने चालत होता. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत माळढोकाच्या वर्गाचा समावेश होता, परंतु ते संरक्षण विणीच्या बंद हंगामापुरते होते. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. १९५२ मध्ये म्हैसूर येथे भारतीय वन्यजीव मंडळाची पहिली बैठक झाली. तिने विशेष संरक्षणासाठी तेरा जाती निवडल्या, त्यांत सिंह, गेंडा, चित्ता यांच्याबरोबर माळढोकही होता. (चित्ता त्या वेळी भारतातून जवळजवळ गेलाच होता, गुलाबी डोक्याच्या बदकाचेही तसेच. यादीतील काही नावे म्हणजे एका अर्थी श्राद्धच होते.) पुढे राष्ट्रीय पक्षी निवडण्याचा प्रश्न निघाला तेव्हा सलीम अली यांनी माळढोकाचा आग्रह धरला होता. मोर सर्वांच्या परिचयाचा आणि सुरक्षित आहे. ज्याला मानाची गरज आहे तो माळढोक, असा त्यांचा युक्तिवाद. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९६९ च्या सुमारास भावनगरचे धर्मकुमारसिंहजी यांनी देशातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असल्याचा अंदाज दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला पहिल्या अनुसूचीत घेतले, आणि शिकारीचा अध्याय कायद्यापुरता तरी संपला. हे सारे कायदे पक्षी मारण्याविरुद्ध होते. जमिनीविषयी त्यांपैकी बहुतेकांत अक्षरही नव्हते.

महाराष्ट्रातील कथेला याच १९७२ साली वळण मिळाले. सोलापूरजवळील नान्नज येथे बी. एस. कुलकर्णी या पक्षिनिरीक्षकांना माळढोक आढळले आणि या प्रदेशातून तो संपला नसल्याचे अभ्यासकांना कळले. हेच वर्ष महाराष्ट्राच्या महादुष्काळाचेही होते. दुष्काळाने सरकारचे लक्ष सोलापूर-नगरच्या बरड जमिनीकडे वेधले, आणि अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली अनेक गावांत सरकारी माळाचे तुकडे कुंपण घालून चराईस बंद करण्यात आले. बंद केलेल्या तुकड्यांत गवत वाढले. त्या गवताच्या आश्रयाला माळढोक आला आणि तेथे विणू लागला. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेने १९८१ पासून येथे व देशातील अन्य ठिकाणी दीर्घ अभ्यास केला. त्यातून आपले या पक्ष्याविषयीचे बरेचसे ज्ञान आले आहे. दुष्काळनिवारणाच्या कामाने माळढोकाला जीवदान दिले, ही योजनाकारांच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट होती. पेशवाईतील कुरणासारखीच.

पण हाच कार्यक्रम दुसऱ्या हाताने दिलेले काढूनही घेत होता. गवत वाढविणे हा मूळ हेतू असला तरी माळ उघडा दिसणे हे कोणालाच रुचेना. पडीक जमीन म्हणजे झाडे तोडली गेलेली जमीन, तेथे झाडे लावणे म्हणजे तिचा उद्धार, ही समजूत वनखात्यात, शाळांत, वर्तमानपत्रांत सर्वत्र रुजलेली होती. म्हणून या तुकड्यांत गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांपैकी गिरिपुष्प व सुबाभूळ ही मध्य अमेरिकेकडील झाडे. माळढोकाला लांबवर पाहता आले पाहिजे. लांडगा किंवा कुत्रा दुरून दिसला तरच जड शरीराचा हा पक्षी वेळेवर उडू शकतो. झाडांच्या रांगांत तो थांबत नाही. शिवाय झाडांवर कावळे बसतात, आणि कावळ्याला उघड्यावरचे अंडे दिसते. माळढोकाच्या नावाने राखलेली जमीन अशा रीतीने थोडीथोडी त्याच्या उपयोगातून जात राहिली. २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राज्यांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत विणीच्या क्षेत्रातील अशी लागवड काढून टाकण्याची शिफारस आहे. सरकारी पैशाने लावलेली झाडे सरकारी पैशाने काढावयाची, असा हा प्रकार झाला.

परदेशी वनस्पतींचा हा प्रश्न केवळ नान्नजचा नाही. वेडी बाभूळ हे झाड १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानात आले. कच्छच्या बन्नी प्रदेशात १९६१ मध्ये रणाची आगेकूच थांबावी म्हणून वनखात्याने ते हेतुतः लावले. आशियातील अग्रगण्य गवताळ प्रदेशांत जिची गणना होई, त्या बन्नीचा मोठा भाग त्याने काही दशकांत गिळला. दख्खनमधील ओढ्याकाठच्या आणि गायरानांच्या जमिनीवरही ते पसरले आहे. गाजर गवताचे नाव येथे घेतलेच पाहिजे, कारण ते भारतात प्रथम ठळकपणे नोंदले गेले ते १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच. पी. एल. ४८० कायद्याखाली आलेल्या अमेरिकन गव्हातून ते आले अशी लोकसमजूत आहे. त्या कायद्याखालील भारताचा करार मात्र १९५६ चा आहे. त्याआधी १९५१ मध्येही अमेरिकेकडून गहू आला होता. तेव्हा गव्हावरील आरोप सर्वस्वी निराधार नसला तरी कराराचे नाव मागाहून चिकटलेले दिसते. मोकळ्या, उकरलेल्या, अतिचराई झालेल्या जमिनीत या दोन्ही वनस्पती फोफावतात. ज्या जमिनीचा कोणी वाली नाही असे ठरले, ती जमीन त्यांनी घेतली.

१९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र होते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात तालुकेच्या तालुके, शेकडो गावे, बाजारपेठा, लोहमार्ग, सारे आले. प्रत्यक्ष सरकारी गवताळ माळ त्यात अगदी थोडा आणि विखुरलेला होता. नकाशावर एवढी मोठी रेषा ओढणाऱ्यांनी सातबाराचा उतारा डोळ्यांपुढे ठेवला होता असे दिसत नाही. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. एकाच शासनाच्या दोन खात्यांनी एकाच प्रदेशासाठी जवळजवळ एकाच वेळी दोन भविष्ये लिहिली. एका भविष्यात कोरडा माळ होता, दुसऱ्यात ऊस. कोणते खरे ठरणार हे ठरविण्यास भविष्यवेत्त्याची गरज नव्हती. माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांतील जुन्या हलक्या जमिनी पाणी, यंत्रे आणि खते यांच्या बळावर बागाईत होऊ लागल्या. दोन आण्यांच्या जमिनीला सोळा आण्यांचा भाव आला, आणि शेतकऱ्याने तो घेतला. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावयाचा?

उलट, अभयारण्याच्या रेषेने त्याच्यावर अन्यायच केला. खाजगी जमिनीची खरेदीविक्री, घरबांधणी, रस्ते, उद्योग यांवर निर्बंध आले. ज्या गावाने वर्षानुवर्षे माळढोक पाहिलाही नाही तेथेही ते आले. पक्ष्याचे नाव काढताच लोक संतापू लागले. मध्यप्रदेशातील करैरा येथे हेच याआधी घडून गेले होते. तेथे १९८१ मध्ये अभयारण्य झाले, संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली, त्यांनी पिके फस्त केली, शेतकऱ्यांचे माळढोकाशी असलेले सख्य संपले, आणि १९९० नंतरच्या दशकात माळढोक तेथून नाहीसा झाला. महाराष्ट्रात अखेर अभयारण्याची सीमा कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आली. हा निर्णय न्याय्य होता. पण तोवर तीन दशके उलटली होती, आणि या तीन दशकांत गवताळ तुकडे एकमेकांना जोडून घेण्याचे, शेतकऱ्याशी हंगामापुरता करार करून हुलगा-मटकीची शेती टिकविण्याचे काम कोणी केले नाही. अलीकडच्या वर्षांत नान्नज परिसरातील गणनेत एखाददुसरा माळढोक दिसला तरी ती बातमी होऊ लागली.

देशातील माळढोकांची संख्या २०१८ च्या सुमारास दीडशेच्या आसपास असल्याचे मानले गेले. त्यांपैकी बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटी गवताळ भागात. तेथील कथेत शब्द तोच आहे. जैसलमेरचे विस्तीर्ण माळ आणि देवाच्या नावाने राखलेली ओरणे यांतील बराच भाग महसुली नोंदीत पडीक. पडीक म्हणून तो पवनचक्क्यांना व सौर प्रकल्पांना सोयीचा, आणि त्या प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या तारा माळढोकाच्या उड्डाणमार्गात. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही. त्याची दृष्टी दोन्ही बाजूंना अधिक पसरलेली असते, आणि जड देहामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अशा तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये देशाच्या ऊर्जाविषयक गरजा ध्यानी घेऊन न्यायालयाने तो आदेश सौम्य केला व प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. येथे दोन चांगल्या गोष्टींचाच सामना आहे, आणि तो कोणत्याही एका पक्षाला खलनायक ठरवून सुटणारा नाही.

दरम्यान जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे २०१९ मध्ये माळढोकाच्या पैदाशीचे केंद्र सुरू झाले. रानातून आणलेली अंडी तेथे कृत्रिम उष्णतेत उबविण्यात आली, त्या पिल्लांपासून पुढची पिढी निपजू लागली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही पिल्ले मोठी होऊन माळावर सोडावयाची आहेत. त्यासाठी कुंपणाच्या बाहेर, तारांपासून व वेड्या बाभळीपासून मोकळा, काही हजार हेक्टरांचा सलग गवताळ माळ हवा. सोलापूर व नगर जिल्ह्यांत असा माळ आज कोठे आहे, हे शोधावयाचे झाल्यास पक्षितज्ज्ञाला प्रथम तलाठ्याकडे जावे लागेल. आणि तलाठ्याच्या दप्तरात तो बहुधा ‘पोटखराबा’ या रकान्यात सापडेल.